साकळणाऱ्या रक्ताचा इतिहास : फायब्रिनोजेनची कथा



मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी रक्तातील एका प्रथिनाचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु विज्ञानाचा इतिहास हा पुष्कळ अंशी प्रश्नांचा आणि शब्दांचा इतिहास असतो, आणि शब्दांशी माझे आयुष्यभराचे नाते आहे. आपल्या भाषेत खोबरेल तेल थिजते, पाणी गोठते आणि रक्त साकळते. थिजलेले तेल उन्हात पातळ होते, गोठलेले पाणी वितळते. साकळलेले रक्त मात्र पुन्हा पूर्वस्थितीला येत नाही. बोलीने सहज जाणलेला हा भेद प्रयोगाने सिद्ध व्हायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. परिभाषाकार या क्रियेला ‘रक्तक्लथन’ म्हणतात. मी आज ‘साकळणे’ हाच शब्द वापरणार आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. त्यांपैकी स्कंदन म्हणजे रक्त दाट करणे, आणि ते थंडाव्याने साधते असे तेथे म्हटले आहे. थंडाव्याने रक्तस्राव कमी होतो हे निरीक्षण खरेच आहे; आजही आपण मुक्या माराला बर्फ लावतो. प्रश्न होता तो कारणाचा. थंडीने रक्त साकळते, की थंडीने शिरा आकसतात? ग्रीक परंपरेतही अंगातून बाहेर पडलेले रक्त थंड होते म्हणून घट्ट होते, हा समज दीर्घकाळ टिकून होता.

या समजाला पहिला छेद गेला तो इटलीत. बोलोन्याचा वैद्य मार्चेल्लो माल्पीगी याने १६६६ साली रक्ताची गुठळी पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तांबडा रंग वाहून गेल्यावर उरले ते पांढऱ्या तंतूंचे जाळे. गुठळी म्हणजे निव्वळ दाट झालेले रक्त नव्हे, तिच्यात एक विणकाम आहे, हे तेव्हा प्रथम डोळ्यांनी दिसले. परंतु त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. रक्त शिरांतून वाहत असताना हा धागा कोठे असतो?

लंडनच्या विल्यम ह्यूसन या तरुण शल्यवैद्याने १७७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा अर्धा उलगडा केला. ताज्या रक्तात त्याने ग्लॉबर क्षार, म्हणजे सोडियम सल्फेट, मिसळला. रक्त साकळले नाही. तांबड्या पेशी तळाशी बसल्या, वरचा निवळ द्रव त्याने काढून घेतला आणि त्यात पाणी घातले. तो द्रव साकळला. साकळणारे द्रव्य पेशींत नसून द्रवात आहे, हे त्यावरून ठरले. रक्त थंड केले तर ते लवकर नव्हे, उलट उशिरा साकळते, हेही त्याने दाखविले. शवविच्छेदन करताना झालेली जखम चिघळून ह्यूसन १७७४ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तला.

द्रवातील ते द्रव्य जागे कशाने होते? १८४५ साली ग्लासगोच्या अँड्र्यू ब्यूकॅनन याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्या अंगातून काढलेले, आपणहून न साकळणारे पाणीदार द्रव्य घेऊन त्यात त्याने धुतलेल्या गुठळीचा अंश टाकला. ते द्रव्य साकळले. वासराच्या जठरातील अर्काने दूध घट्ट होते, त्या क्रियेशी त्याने याची तुलना केली. आपल्या स्वयंपाकघरातील विरजणाची रीत निराळी, कारण ते काम जिवाणूंचे; पण थोडक्याने पुष्कळाचे रूप पालटावे, ही कल्पना तीच. पुढे दोरपात विद्यापीठात (हे गाव म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू) अलेक्झांडर श्मिट याने १८७२ साली हे पालट घडविणारे द्रव्य ओळखले. तेच आजचे थ्रॉम्बिन. धाग्यासाठी दोन निरनिराळी प्रथिने एकत्र यावी लागतात, असे मात्र श्मिटचे मत होते. स्वीडनमध्ये उप्सालाच्या ओलोफ हामार्स्टेनने त्याच दशकात मिठाच्या द्रावणाच्या साह्याने एक प्रथिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि धाग्याला ते एकटेच पुरते, हे सिद्ध केले. ते प्रथिन फायब्रिनोजेन. नावाचा अर्थच तंतूला जन्म देणारे. १९०५ साली पाउल मोराविट्झ याने फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, ऊतींतून येणारा चेतक आणि कॅल्शियम, अशी चार घटकांची मांडणी केली. पुढच्या काळात या मांडणीत अनेक घटकांची भर पडून साखळी लांबली. तिचे शेवटचे कडे मात्र आजही हेच आहे.

आता त्या प्रथिनाची घडण पाहू. एक लिटर रक्तद्रवात दोन ते चार ग्रॅम फायब्रिनोजेन असते आणि ते यकृतात तयार होते. १९५९ साली हॉल आणि स्लेटर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा रेणू पाहिला : एका बारीक दांडीवर तीन मणी, दोन टोकांना दोन आणि मध्ये एक. लांबी सुमारे ४५ नॅनोमीटर. म्हणजे असे वीस हजारांहून अधिक रेणू एका रांगेत ठेवावे, तेव्हा एक मिलिमीटर भरतो. तीन प्रकारच्या साखळ्यांच्या दोन जोड्या, अशा सहा साखळ्यांचा हा रेणू बनलेला असून त्यात २,९६४ अमिनो आम्ले आहेत. मानवी फायब्रिनोजेनची स्फटिकरचना रसेल डूलिटल यांच्या अमेरिकेतील गटाने २००९ साली प्रसिद्ध केली.

थ्रॉम्बिन या रेणूचे नेमके काय करते, हे १९५१ साली बेली, बेटेलहाइम, लोरांड आणि मिडलब्रुक या चौघांनी दाखविले होते. ते रेणूला काही जोडत नाही. त्याच्यातून कापून काढते. मधल्या मण्यावर चार आखूड तुकडे असतात, दोन सोळा अमिनो आम्लांचे आणि दोन चौदांचे, एकूण साठ. म्हणजे सगळ्या रेणूचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. ते तुकडे गेले की त्यांच्याखाली झाकलेली टोके उघडी पडतात आणि शेजारच्या रेणूच्या कडेच्या मण्यांतील खोबणींत जाऊन बसतात. गवंडी जसा विटांच्या सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसे हे रेणू अर्धे अर्धे सरकून बसतात, आणि धागा वाढत जातो. तेराव्या क्रमांकाचा घटक त्याला पक्के टाके घालतो. लाकी आणि लोरांड यांना या घटकाचा सुगावा १९४८ साली लागला होता.

माल्पीगीच्या पाहण्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. वाहत्या रक्तात धागा नसतोच. असते ती त्याची सिद्धता, आणि तिला आवरून धरणारे चार लहानसे तुकडे. ते नको तेथे सुटले तर हाच धागा हृदयाची किंवा मेंदूची वाट अडवितो. काम झाल्यावर शरीर हा धागा तोडून टाकते. टाके घातलेल्या धाग्याचे तुकडे होताना टोकांचे दोन मणी जोडलेलेच राहतात. टोकाच्या या भागाला पॅरिसच्या संशोधकांनी १९६१ साली ‘डी’ हे अक्षर दिले. २०२० आणि २०२१ या कोविडच्या वर्षांत घरोघरी ऐकू आलेला ‘डी-डायमर’ हा शब्द म्हणजे हीच जोडी होय.

या इतिहासाचा एक धागा आपल्या शिवारापर्यंत येतो. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांना आढळले की, एका भारतीय सापाचे विष अगदी पातळ करून जखमेवर लावले, तर रक्त साकळण्याचा दोष असलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचेही रक्त साकळते. तो साप म्हणजे रसेल्स व्हायपर, आपली घोणस. तिच्या विषातील घटक वरच्या सगळ्या कड्या ओलांडून साखळीच्या मध्यालाच हात घालतात. जखमेवर जे रक्त थांबविते, तेच विष दंशाने अंगात भिनले की शरीरभर थ्रॉम्बिन निर्माण होत राहते आणि फायब्रिनोजेन खर्ची पडते. काही वेळाने रक्तात धागा होण्याजोगे फारसे काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते.

हे ओळखण्याची चाचणी ह्यूसनच्या काळात शोभावी इतकी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावे, वीस मिनिटे नळी मुळीच हलवू नये, आणि मग ती तिरपी करावी. रक्त ओघळले तर साकळण्याची शक्ती गेली आहे, असे समजून डॉक्टर प्रतिविष देतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने साकळण्याची क्रिया सुरू होते. ती साबणाने धुतलेलीही चालत नाही. नाग किंवा मण्यार यांच्या दंशात ही चाचणी बहुधा निर्दोष येते, म्हणून तेवढ्यावर कोणालाही घरी पाठवीत नाहीत. वीज बेभरवशाची आणि यंत्रे दूर, अशा ग्रामीण रुग्णालयातही ही चाचणी होऊ शकते.

दंशाची जागा चिरून ‘विषारी रक्त’ काढून टाकण्याचा जुना उपचार घातक का, हेही यावरून उमगेल. ज्याच्या रक्तातील धागा संपत आला आहे, त्याला आपण नवी जखम करतो, आणि ती जखम साकळणार नसते. अशा रुग्णाला हवे असते ते रुग्णालय आणि प्रतिविष. विष निष्प्रभ झाले की यकृत काही तासांत पुन्हा पुरेसे फायब्रिनोजेन घडविते.

आपल्या शाळेत शेतकऱ्यांची मुले पूर्वीही शिकली, आजही शिकत आहेत. माल्पीगीपासून डूलिटलपर्यंतची नावे त्यांनी पाठ करावीत, असा माझा आग्रह नाही. मात्र काचेची ती नळी आणि तिचे कारण विज्ञानाच्या तासाला त्यांना एकदा तरी समजावून द्यावे, एवढी विनंती मी येथील शिक्षकांना करतो. पावसाळ्यात बांधावर कोणाला दंश झालाच, तर ब्लेड शोधण्याऐवजी गाडी शोधणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी तेथे असावी.