कॉटनवुड, पूर आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या रोजनिशा

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातून मिसुरी आणि प्लॅट या दोन नद्या वाहतात. प्लॅट ही मिसुरीचीच उपनदी. दोन्ही नद्या रॉकी पर्वतातील बर्फाचे पाणी घेऊन येतात. दोन्हींचे पाणी विसाव्या शतकात मोठमोठी धरणे बांधून अडवण्यात आले. दोन्हींच्या काठी कॉटनवुड हा वृक्ष वाढतो. इथपर्यंत सारे सारखेच आहे. मात्र धरणांनंतर मिसुरीकाठी कॉटनवुडची जुनी झाडे तेवढी उरली. नवी रोपे जवळजवळ दिसेनाशी झाली. उलट प्लॅटच्या पात्रात, जेथे पूर्वी उघडी वाळू आणि उथळ पाणी होते, तेथे कॉटनवुडची दाटी झाली. एकच झाड, माणसाचा हस्तक्षेपही एकाच प्रकारचा, मग परिणाम उलट का? आणि मुळात पूर्वी येथे होते तरी काय?

'पूर्वी काय होते?' या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी तेव्हा पाहून लिहून ठेवलेले असावे लागते. या नद्यांच्या बाबतीत असे लिहिणारे लोक होते. त्यांच्या नोंदी आपण वाचू, आणि त्या कशा वाचाव्यात याचाही विचार करू.

झाडाची ओळख

कॉटनवुड हा पॉपलरच्या कुळातला, म्हणजे आपल्या वाळुंजाचा नातलग. त्याचे शास्त्रीय नाव पॉप्युलस डेल्टॉइडिस. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतांत प्लायवूड आणि आगपेटीच्या काड्यांसाठी जो पॉपलर लावला जातो, तो याच जातीचा. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो. त्यामुळे पिंपळाप्रमाणेच याचीही पाने किंचित वाऱ्यानेही सळसळतात. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी झाडावरची फळे उकलतात आणि शेवरीसारखा हलका कापूस हवेत तरंगू लागतो. त्याला चिकटलेले बी अगदी बारीक असते. या कापसामुळेच झाडाला 'कॉटनवुड' हे नाव मिळाले.

गरजेपोटी झालेल्या नोंदी

१८०४ च्या मे महिन्यात मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी सेंट लुईसजवळून मिसुरीच्या प्रवाहाविरुद्ध निघाली. पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन १८०६ च्या सप्टेंबरमध्ये ती परतली. दोघांनीही तपशीलवार रोजनिशा ठेवल्या, आणि त्यांत कॉटनवुड वारंवार येतो. हे साहजिक होते. शेकडो मैलांच्या त्या गवताळ प्रदेशात मोठे लाकूड मिळे ते मुख्यतः नदीकाठच्या सखल जमिनीवर, आणि तेथे मुख्य झाड कॉटनवुडच होते.

१८०४-०५ चा हिवाळा या तुकडीने आजच्या नॉर्थ डकोटा राज्यात, मँडन लोकांच्या गावांजवळ काढला. तेथे त्यांनी बांधलेला लाकडी कोट कॉटनवुडच्या ओंडक्यांचा होता. वसंतात पुढे निघताना त्यांनी सहा नव्या होड्या केल्या, त्याही कॉटनवुडचे बुंधे कोरून. फेब्रुवारी १८०५ मध्ये लुईसने एक मजेदार गोष्ट टिपली. थकून आलेल्या घोड्यांना त्याने ओलवलेला धान्याचा कोंडा घालायला सांगितला. घोड्यांनी तो खाल्ला नाही. त्यांना कॉटनवुडची साल हवी होती. मँडन लोक हिवाळ्यात आपल्या घोड्यांना हीच साल आणि फांद्या चारत. लुईसला याचे आश्चर्य वाटले. पण मँडन आणि त्यांचे शेजारी हिदात्सा यांच्यासाठी ही पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती होती. त्यांच्या मातीने लिंपलेल्या मोठ्या गोल घरांचे खांबही याच झाडाचे असत. म्हणजे ज्याला आपण 'शोध' म्हणतो, तो पुष्कळदा तेथील रहिवाशांचे ज्ञान पहिल्यांदा कागदावर उतरण्याचा क्षण असतो.

जून १८०५ मध्ये वाटेत मिसुरीचे मोठे धबधबे आले. होड्या आणि सामान जमिनीवरून ओढून न्यायचे, तर गाडे हवेत आणि गाड्यांना चाके हवीत. सुमारे २२ इंच व्यासाची चाके कापता येतील एवढे जाड कॉटनवुडचे झाड त्यांना तेथे सापडले. आसपासच्या २० मैलांत एवढे दुसरे निकोप झाड मिळणार नाही, असे लुईसला वाटले. हे वाक्य त्याने सुटकेच्या भावनेने लिहिले. आज आपल्याला त्यातून त्या विशिष्ट जागी मोठी झाडे किती विरळ होती, हे कळते. त्याच महिन्यात त्याने अरुंद पानांच्या कॉटनवुडचे वर्णन केले आणि बीव्हर या प्राण्याला त्याची साल विशेष आवडत असावी, असेही नोंदवले.

परतीच्या वाटेवर, जुलै १८०६ मध्ये, क्लार्क यलोस्टोन नदीकाठी होड्यांसाठी पुरेशा जाड बुंध्यांची झाडे शोधत बरेच अंतर चालला. शेवटी मिळालेल्या झाडांपासून २८ फूट लांबीच्या दोन होड्या कोरल्या गेल्या. त्या अरुंद असल्यामुळे एकमेकींना बांधाव्या लागल्या.

या नोंदी वनस्पतिशास्त्राच्या हेतूने केलेल्या नव्हत्या. होडी, चाक, चारा, सरपण अशा गरजांतून त्या झाल्या. ही त्यांची मर्यादा आहे आणि बळही. होडीसाठी झाड शोधणारा माणूस बुंध्याची जाडी अंदाजपंचे सांगत नाही, कारण चूक झाली तर त्यालाच बुडायचे असते.

जे दिसले नाही त्याची नोंद

१८२० च्या उन्हाळ्यात स्टीफन लाँग याची मोहीम प्लॅटच्या काठाकाठाने पश्चिमेला गेली. वनस्पतींचा अभ्यासक एडविन जेम्स तिच्यासोबत होता. त्याने लिहिलेला वृत्तान्त १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅट ही मिसुरीपेक्षा फार वेगळी नदी; अतिशय रुंद, उथळ आणि अनेक प्रवाहांत विभागलेली. झाडे होती, पण बरीचशी पात्रातील बेटांवर. बाकी नजर जाईल तेथवर गवत. लाँगच्या नकाशावर या प्रदेशाला 'महान वाळवंट' असे नाव दिले गेले आणि हा मुलूख शेतीला जवळजवळ निरुपयोगी असल्याचे मत मांडले गेले. दाट जंगलांच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेल्या माणसांच्या दृष्टीने झाड हे जमिनीच्या सुपीकतेचे चिन्ह होते. जेथे झाड नाही ती जमीन नापीक, हा त्यांचा तर्क. पुढे त्याच जमिनीत मका आणि गहू भरघोस पिकला. निरीक्षण बरोबर होते, अनुमान चुकले.

याच्या उलट उदाहरण जॉन फ्रेमाँट याच्या मोहिमेत सापडते. जानेवारी १८४४ मध्ये तो आजच्या नेवाडा राज्यात होता. रॉकी पर्वताकडून निघून पॅसिफिकला मिळणारी 'ब्वेनाव्हेंतुरा' नावाची एक मोठी नदी तेव्हाच्या नकाशांवर दाखवलेली असे. प्रत्यक्षात अशी नदी नव्हतीच. वाटेत कॉटनवुडची मोठी झाडे असलेला प्रवाह लागला की फ्रेमाँटची आशा पालवे आणि त्याचा वाटाड्या किट कार्सन पुढे जाऊन झाडांवर बीव्हरच्या दातांच्या खुणा शोधू लागे. कार्सनचा नियम असा की, पॅसिफिकला जाणाऱ्या पाण्यावरच बीव्हर असतो. खुणा नाहीत, तर हे पाणी समुद्राला मिळत नाही. खुणा सापडल्या नाहीत. फ्रेमाँटने पुढे असा निष्कर्ष मांडला की या प्रदेशातील पाणी कोणत्याच समुद्राला जात नाही. ते आतल्या सरोवरांत आणि दलदलीत जिरते. या प्रदेशाला त्याने 'ग्रेट बेसिन', म्हणजे महाखोरे, म्हटले. निष्कर्ष खरा होता.

पण कार्सनचा नियम खरा होता का? पीटर ऑग्डेन या फरच्या व्यापाऱ्याने १८२८-२९ मध्ये हंबोल्ट नदीवर भरपूर बीव्हर पकडले होते, आणि हंबोल्ट तर ग्रेट बेसिनच्या आतच जिरते. म्हणजे नियम चुकीचा आणि निष्कर्ष बरोबर! उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर असतेच असे नाही, हे गणिताच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

पुराशिवाय जन्म नाही

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. कॉटनवुडचे बी आठवड्या-दोन आठवड्यांतच निकामी होते. ते रुजायला उघडा, ओला गाळ आणि भरपूर ऊन लागते. गवतात किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत ते वाढत नाही. असा गाळ कोण देते? पूर. पर्वतावरचे बर्फ वितळून जूनच्या सुमारास नद्यांना पूर येतो, आणि पूर ओसरू लागतो त्याच वेळी कापूस उडतो. रोप रुजल्यावर खालची भूजलपातळीही उतरत असते, आणि मुळाला तिचा पाठलाग करावा लागतो. दिवसाला सुमारे २.५ सेंटिमीटर एवढ्या वेगाने पाणी उतरले तर मूळ टिकते. फार झपाट्याने उतरले तर रोप वाळते. नंतरचे पूर ते उपटणार नाहीत इतक्या उंचीवरही ते असावे लागते. या सगळ्या गोष्टी दरवर्षी जुळत नाहीत. म्हणून नदीकाठी एकाच वयाच्या झाडांचे पट्टे दिसतात. बेंजामिन एव्हरिट या भूशास्त्रज्ञाने लिटल मिसुरी नदीवरच्या अशा झाडांची वये खोडातील वलये मोजून काढली आणि नदीचे पात्र कोणत्या काळी कोठे होते ते दाखवले. त्याचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मिसुरी ही नागमोडी वाहणारी नदी. वळणाच्या बाहेरचा काठ ती खाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते. काही जुनी झाडे कोसळतात, नव्या गाळावर नवी उगवतात. माँटॅनातील फोर्ट पेक धरण १९४० मध्ये पुरे झाले. नॉर्थ डकोटातील गॅरिसन धरणाने १९५३ मध्ये नदी अडवली. मोठे पूर थांबले, गाळ धरणांत अडकला, नदीचे सरकणे मंदावले. नवा गाळ नाही, म्हणून रोपे नाहीत.

प्लॅटचे गणित निराळे. तेथे उघडी वाळू मुबलक होती, पण जूनमध्ये पुराचे पाणी जवळजवळ सगळे रुंद पात्र व्यापून टाकी. बी पडायचे त्या वेळी वाळू पाण्याखाली असे. जी थोडी रोपे येत, ती पुढचा पूर किंवा हिवाळ्यातले सरकते बर्फ खरवडून नेई. १९०९ मध्ये उत्तर प्लॅटवर पाथफाइंडर धरण झाले, १९४१ मध्ये किंग्जली धरण, आणि सिंचनासाठी कालवेही निघाले. जूनमधला प्रवाह घटला, वाळू नेमक्या बी पडण्याच्या दिवसांत उघडी राहू लागली, आणि झाडांनी पात्र व्यापले. एका नदीत पूर रोप जन्माला घालत होता, दुसरीत तो रोप मारत होता. पूर थांबवल्याचा परिणाम म्हणून उलटा झाला.

नोंदीवर विश्वास किती?

मग प्लॅट मुळात झाडांविनाच होती, असे म्हणावे का? येथे पुन्हा सावध राहायला हवे. १८४० नंतरच्या दोन-अडीच दशकांत तीन लाखांहून अधिक स्थलांतरित बैलगाड्या घेऊन पश्चिमेला गेले, आणि त्यांतील बहुतेक प्लॅटच्या काठाने. सरपण मिळेना म्हणून ते बायसनच्या वाळलेल्या शेणावर, आपल्या गोवऱ्यांसारखेच, स्वयंपाक करत. त्यांच्या रोजनिशांत उघडे काठ दिसतात. पण ते काठ मुळात उघडे होते, की आधीच्या तांड्यांनी तोडले होते? कार्टर जॉन्सन या परिस्थितिशास्त्रज्ञाने २००० मध्ये एका सहकाऱ्यासह असे मांडले की वसाहतीपूर्वी प्लॅटवर समजतात त्यापेक्षा बरीच अधिक झाडे असावीत. इतर संशोधकांनी त्याला विरोध केला. या वादात सरकारी भूमापकांच्या नोंदी मोलाच्या ठरतात. भूमापकाला जमिनीचे कोपरे नक्की करताना जवळच्या झाडाची जात आणि जाडी लिहावीच लागे. त्याला ते झाड हवे होते की नको, हा प्रश्नच नव्हता.

हा वाद केवळ पांडित्याचा नाही. प्लॅटच्या उघड्या, उथळ पात्रात दर वसंतात लाखो सँडहिल क्रौंच पक्षी रात्री उतरतात, आणि त्यांच्यासाठी पात्रातील झाडे मुद्दाम काढली जातात. मिसुरीवर तीच झाडे वाचावीत म्हणून धडपड चालते. कोठे तोडायचे आणि कोठे वाढवायचे, हे ठरवताना 'पूर्वी' नेमके काय होते ते माहीत असावे लागते.

फ्रेमाँटच्या वाटेवरच्या ट्रकी नदीचे उदाहरण या बाबतीत आशादायक आहे. १९०५ मध्ये तेथे बंधारा झाला आणि पाणी दुसरीकडे वळले. पिरॅमिड सरोवराची पातळी कालांतराने सुमारे ८० फूट घसरली. सरोवरातील क्वी-वी हा मासा नाहीसा होऊ लागला. पायूट लोकांच्या आहारात पिढ्यान्‌पिढ्या त्याला महत्त्वाचे स्थान होते. काठची कॉटनवुडही रोडावली. १९८० च्या दशकात या माशाला अंडी घालता यावीत म्हणून वसंत ऋतूत नदीत जास्त पाणी सोडण्यात आले आणि ते हळूहळू उतरू दिले गेले. १९८७ मध्ये काठावरच्या गाळात कॉटनवुडची असंख्य रोपे उगवली. ती कोणी लावली नव्हती. पाणी सोडले होते ते माशांसाठी.