टॅबर्ड : एका सराईची गोष्ट

मध्ययुगीन लंडनमध्ये थेम्स नदीवर एकच पूल होता. रात्री त्याचे दरवाजे बंद होत. दक्षिणेकडून उशिरा पोहोचलेला मुसाफिर मग अलीकडच्या साउथवर्कमध्येच मुक्काम करी. म्हणून तिथल्या हमरस्त्यावर सरायांची रांगच उभी राहिली. त्यांतली सर्वांत नामांकित सराई टॅबर्ड. टॅबर्ड म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा.

चौदाव्या शतकाच्या आरंभी ही जागा विंचेस्टरच्या हाइड मठाच्या मालकीची झाली. त्याच शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ची सुरुवात इथूनच केली. सरदार, व्यापारी, जोगीण, पिठाच्या गिरणीचा मालक अशी मंडळी संत थॉमस बेकेटच्या समाधीच्या यात्रेला निघाली आहेत. बेकेट हा आर्चबिशप. 1170 मध्ये दुसऱ्या हेन्री राजाच्या सरदारांनी त्याला त्याच्याच चर्चमध्ये ठार मारले होते. सराईचा मालक हॅरी बेली यात्रेकरूंना सुचवतो, वाटेत गोष्टी सांगा. ज्याची गोष्ट सरस, त्याला परतल्यावर इथेच सर्वांच्या खर्चाने जेवण. या नावाचा सराईवाला साउथवर्कमध्ये खरोखरच होता आणि तो पार्लमेंटचा सभासदही होता.

1538 मध्ये आठव्या हेन्रीने बेकेटची समाधी उद्ध्वस्त केली. त्याच सुमारास मठही बरखास्त झाले. सराईचे मालक गेले, यात्रेकरूही गेले. तरी सराई चालूच राहिली, कारण रस्ता वाहता होता. 1676 च्या आगीत ती जळाली, तेव्हा पुन्हा बांधली गेली. पुढे तिचे नाव ‘टॅलबट’, म्हणजे शिकारी कुत्रा, असे झाले. अंगणात घोडागाड्या थांबत राहिल्या.

राजाला आणि आगीला जे जमले नाही, ते रेल्वेने केले. 1836 मध्ये हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज स्टेशन सुरू झाले. घोडागाड्यांचा प्रवास संपला आणि 1873 मध्ये सराई पाडली गेली. चॉसरला इंग्रजी काव्याचा जनक मानणाऱ्या देशात, साम्राज्य ऐन भरात असताना, ती वाचवता आली नाही. शेजारची ‘जॉर्ज’ सराई मात्र काही अंशी उरली. 1937 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. टॅबर्डच्या जागी आता ‘टॅलबट यार्ड’ नावाची गल्ली आहे.

चॉसरचे पुस्तक अपुरेच राहिले. त्यातले यात्रेकरू परत आलेच नाहीत. हॅरी बेलीने कबूल केलेले जेवणही राहूनच गेले.