निद्रेच्या शब्दांची वाटणी

वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी होते, तेव्हा एका भावाकडे शेत जाते, दुसऱ्याकडे घर, तर तिसऱ्याच्या हाती एखादा दागिनाच लागतो. भाषांच्या कुळातही असेच घडते. निद्रावाचक ‘स्वप्’ हा प्राचीन धातू याची साक्ष देतो.

चंदीगडचे उद्घाटन १९५३ साली झाले. नगर नवे, परंतु ज्या खेड्यांच्या जमिनीवर ते वसले, त्यांची पुआधी ही पंजाबीची बोली जुनी. तेथे कानी पडणारी पंजाबी ‘सौणा’ आणि हिंदी ‘सोना’ ही क्रियापदे ‘स्वप्’पासूनच प्राकृतातून उतरली. प्रमाण मराठीत निजणे आणि झोपणे यांनी ती जागा घेतली; ‘स्वप्’ उरला तो स्वप्नात.

तिसरा वारस दूर आयर्लंडात आहे. विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात केल्टिक भाषांचे संस्कृतशी नाते सुचविले. १८३८ साली फ्रान्झ बॉप याने ते सप्रमाण मांडले. आयरिशमधील ‘सूअन’ हा शब्द ‘स्वप्न’ शब्दाचा सगोत्र. पण अर्थ शांत निद्रा. अंगाईगीताला तेथे ‘सूअन्त्री’ म्हणतात. नित्य व्यवहार मात्र ‘कॉलऽ’ या वेगळ्या शब्दाने चालतो.

त्याचा वापर मोठा उद्बोधक आहे. मराठी माणसाला झोप ‘येते’, पंजाब्यालाही नींद ‘येते’. आयरिश माणसाच्या ‘अंगावर’ ती असते. तिन्ही ठिकाणी निद्रा माणसाच्या हुकुमातली नाही, ती बाहेरून येते. हातपाय बधिर झाला की पंजाबीत तो ‘झोपतो’, आयरिशमध्येही त्या अवस्थेच्या नावात ‘कॉलऽ’ असतो. मराठीत मात्र मुंग्या येतात.

या घराण्यातील दोन शाखांची नोंद तिसऱ्या शाखेच्या देशातील माणसाने घडवून आणली, हा इतिहासातील एक योग होय. डब्लिनजवळ १८५१ साली जन्मलेल्या जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, पंजाबीचा १९१६ साली. पंजाबीच्या खंडात पुआधीचीही नोंद आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने ग्रियर्सन यांच्या मायदेशी आयरिश भाषिकांची गावेच्या गावे ओस पडली होती. इकडे पुआधी बोलणारी काही खेडी पुढे चंदीगडच्या उभारणीत नाहीशी झाली. खेडी गेली, तरी त्यांच्या बोलीचा नमुना त्या खंडात राहिला आहे.