चित्रातला आकडा, शेजारचा शब्द

मी संध्याकाळी शेजारच्या आठवीतल्या एका मुलाची शिकवणी घेतो. हृदयाचे कप्पे चारदा सांगितले, पण त्याच्या लक्षातच राहीनात. शेवटी वहीत आकृती काढली, प्रत्येक भागाला आकडा दिला आणि विचारलं, "आता रक्त कुठे जाईल?" पठ्ठ्याने बोट फिरवत अख्खा रस्ता सांगितला. मग हळूच म्हणाला, "दादा, मला चित्र बघूनच कळतं. म्हणजे मी ढ आहे का?"

तेव्हा मी त्याला कोमेनियसची गोष्ट सांगितली. जन्म १५९२चा, मोरावियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. धर्माच्या लढायांमुळे देश सुटला. १६५६ मध्ये पोलंडमधलं लेश्नो शहर जळालं, त्यात त्याची कित्येक वर्षांची हस्तलिखितं गेली. तरी दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्गला त्याचं 'ऑर्बिस पिक्टस' छापून आलं.

त्यात दीडशे धडे आणि सोबत चित्रं. चित्रातल्या वस्तूंवर आकडे, तेच आकडे शेजारच्या लॅटिन आणि जर्मन मजकुरात. मुळाक्षरंसुद्धा प्राण्यांच्या आवाजातून: 'आ' शिकवायला कावळा! आधी वस्तू डोळ्यांना दिसू दे, मग तिचं नाव सांगा, हे त्याचं साधं म्हणणं.

आणि हे पुस्तक काही मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळं काढलेलं नव्हतं. शिकायला बसलेल्या प्रत्येकासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी तो मूत्रपिंडाची आकृती स्वतःच काढून घेऊन आला. आकडे घातलेले होते. म्हणाला, "दादा, आता फक्त नावं सांग."