इंग्रजीतील एका हरवलेल्या ध्वनीची गोष्ट

इंग्रजीचे श्रुतलेखन घेणाऱ्या शिक्षकांना ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे चांगलीच परिचयाची असतात. मुलगा 'टफ' शिकतो, 'रफ' शिकतो आणि पुढच्या धड्यात शेवटी तीच अक्षरे दिसली की आत्मविश्वासाने 'कफ' वाचतो. वर्ग हसतो. उच्चार आहे 'कॉफ', आणि अर्थ खोकला, म्हणजे कफापासून फार दूर नव्हे! मग येतात 'दो' (जरी), 'थ्रू' (मधून), 'बाउ' (फांदी), 'थॉट' (विचार) आणि ब्रिटिश उच्चारातील 'थरा' (कसून केलेले). उचकीचा 'हिकप'सुद्धा कधीकधी हीच अक्षरे लावून लिहितात. अक्षरे चार आणि उच्चार आठ!

'असे का?' या प्रश्नाला बहुधा 'इंग्रजी अशीच असते, पाठ कर' हे उत्तर मिळते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, त्यामुळे हे उत्तर आता आणखी लहान मुलांच्या वाट्याला येते. वास्तविक 'कफ' वाचणाऱ्या मुलाचा तर्क बरोबर असतो. दोन उदाहरणांवरून तिसऱ्याचे अनुमान करावे, हे विज्ञानाच्या तासाला आपणच त्याला शिकवलेले असते. मग अनुमान फसते कोठे?

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एक ध्वनी होता, जो आजच्या प्रमाण इंग्रजीत नाही. जिभेचा मागचा भाग टाळूजवळ नेऊन हवा घासत सोडली की तो निघतो. उर्दूतल्या 'ख़बर' या शब्दाच्या सुरुवातीला तो ऐकू येतो. जुन्या इंग्रजीत तो एच या एकाच अक्षराने लिहीत. मुलीला तेव्हा 'दोख़्तोर' म्हणत, खडबडीतला 'रूख़' आणि रात्रीला 'निख़्त'च्या जवळचा शब्द होता. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मनमध्ये मुलगी अजूनही 'तोख़्तर' आहे आणि रात्र 'नाख़्त'. फारसीत मुलगी 'दुख़्तर', संस्कृतात 'दुहितृ'. रात्रीसाठी संस्कृतात 'नक्त' हा शब्द आहे. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायच्या नक्तव्रतात तो आपल्याकडेही टिकून आहे. 'डॉटर' आणि 'नाइट' यांच्या स्पेलिंगमध्ये मुकाट्याने बसलेले जी-एच म्हणजे या 'दुहितृ'तला 'ह्' आणि 'नक्त'मधला 'क्' यांचे इंग्रजी भाऊबंद आहेत. निरुपयोगी वाटणारी ही दोन अक्षरे खडकातल्या शिंपल्याच्या ठशासारखी आहेत. प्राणी गेला, ठसा उरला.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती इंग्रजीचे लेखन गेले. 'ऊ' हा स्वर ओ-यू असा लिहिण्याची फ्रेंच सवय त्यांनी इंग्रजीला लावली आणि या घशातल्या ध्वनीसाठी हळूहळू जी-एच रूढ झाले. आपली चार अक्षरे एकत्र आली ती अशी. त्यावेळी त्यांतले एकही अक्षर मुके नव्हते, हे लक्षात घ्यावे.

पुढे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत हा ध्वनी लोकांच्या तोंडून जाऊ लागला. पण सर्वत्र एकाच रीतीने नाही. 'उ', 'ओ' यांसारखे स्वर उच्चारताना ओठ गोल होतात. गोल ओठांतून हवा घासत निघाली की ऐकणाऱ्याला ती 'फ'सारखी भासते. काही बोलींत या भासाचाच खरा 'फ' झाला. काहींत ध्वनी नुसताच विरून गेला. लंडनमध्ये सगळ्या प्रांतांचे लोक येऊन मिसळत. तिथल्या प्रमाण भाषेने 'टफ' आणि 'इनफ' एका बोलीतून उचलले, तर 'दो' आणि 'बाउ' दुसरीतून. एखाद्या शब्दाची तर दोन्ही रूपे टिकली. मळलेल्या कणकेला 'डो' म्हणतात, आणि 'प्लम डफ' या पुडिंगमधला 'डफ' म्हणजे तोच शब्द, उत्तरेकडच्या उच्चारातला. याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वरही आपापल्या जागा सोडून सरकत होते, त्यामुळे उरलेल्या भागाचेही उच्चार वेगवेगळे झाले.

आणि नेमक्या याच धामधुमीत, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना उभारला. पुढच्या काळात छापील स्पेलिंग स्थिरावत गेले ते जुन्या ध्वनीचे. उच्चार मात्र कोणासाठी थांबले नाहीत. इतकेच काय, एकदा 'नाइट', 'लाइट' असे जी-एचने लिहायची सवय पडल्यावर फ्रेंचमधून आलेल्या 'डिलाइट'लाही ती अक्षरे चिकटवली गेली. त्या शब्दात हा ध्वनी कधीच नव्हता. हा खोटा जीवाश्म म्हणायचा!

वर्गाच्या दृष्टीने एक गोष्ट आम्हांला सर्वांत उपयोगी वाटते. गोंधळ आहे तो मुख्यतः जी-एच शब्दाच्या शेवटी असताना. या चार अक्षरांपुढे टी आला की चित्र एकदम नीट होते: 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'फॉट', 'सॉट', सगळे 'ऑट'. नेहमीच्या शब्दांत अपवाद एकच, 'ड्राउट' (अवर्षण). आयपुढे जी-एच-टी आले की 'आइट'. तिथे ओठ गोल होत नाहीत, म्हणून 'फ' होण्याचा प्रश्नच नव्हता. (आयच्या आधी ई असेल तर गोष्ट वेगळी: 'एट', 'वेट'.) 'थिंक'चा भूतकाळ 'थॉट' का, हेही येथेच उलगडते. मूळ 'क'चा 'त'च्या आधी 'ख़' झाला आणि 'न' गळाला. 'सीक'चे 'सॉट' झाले ते 'क'च्या याच बदलामुळे.

जी-एचचा 'फ' होतो म्हणून, 'विमिन'मधला ओ आणि 'नेशन'मधले टी-आय जोडून 'फिश' लिहिता येईल, हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो. तो १८५५च्या एका पत्रात सापडतो, आणि शॉचा जन्म १८५६चा! शिवाय शब्दाच्या आरंभी जी-एचचा 'फ' कधीच होत नाही.

सुधारणेचे प्रयत्न झाले. नोहा वेबस्टरच्या १८२८च्या कोशाच्या वळणाने अमेरिकेत नांगराच्या 'प्लाउ'तून ही अक्षरे गेली. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत ३०० शब्द सोप्या स्पेलिंगने छापण्याचा हुकूम काढला. काँग्रेसने विरोध केला आणि हुकूम बारगळला. 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने १९३४ साली सोप्या स्पेलिंगची मोहीम सुरू केली. 'थ्रू', 'दो' यांची आखूड रूपे त्याने १९७५ पर्यंत चालवली आणि मग सोडून दिली.

आपण मराठीत असे एक काम पार पाडले आहे. पूर्वी 'पांच', 'दांत', 'कांटा' असे लिहीत. अनुस्वाराचा उच्चार नव्हता. तो पञ्च, दन्त, कण्टक यांतील अनुनासिकाची खूण होता. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो काढला. लिहिणाऱ्या मुलाचे ओझे उतरले, आणि त्याबरोबर 'दात' आणि 'दन्त' यांच्या नात्याची कागदावरची खूणही पुसली गेली. आमच्या मते तो सौदा योग्यच होता. मात्र शाळेच्या कपाटात १९६२ पूर्वी छापलेले एखादे पुस्तक असेल, तर त्याचे एक पान मुलांसमोर ठेवून पाहावे. न उच्चारले जाणारे अनुस्वार शोधायचे, आणि प्रत्येकाखाली कोणता जुना शब्द दडला आहे ते ओळखायचे. एक तास सहज जातो.