एकादशी दुप्पट खाशी

आषाढीनंतरच्या परतवारीच्या एकादशीला आमच्या नरसी गावात घरोघरी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. उपासाचं आम्हाला काय कौतुक! वजन उतरवायच्या ऑपरेशनआधीचा उपास मात्र निराळा. साधारण दोन आठवडे बहुतेक पातळच. त्यानं लिव्हर आकसतं, दुर्बिणीला वाट मिळते.

१९५४च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवायला आतडं वळवायची शस्त्रक्रिया निघाली. माणसं बारीक झाली, पण जुलाब, मूतखडे, बिघडलेलं लिव्हर यांनी बेजार. मग १९६६ साली तिथल्याच डॉ. मेसन या सर्जननी जठराकडे मोर्चा वळवला. २०१७ साली वजनाच्या ऑपरेशनसाठी इजिप्तहून मुंबईत आणलेल्या इमान अहमदलाही आधी पातळ आहारावर ठेवलं, मगच जठर कापून लहान करायची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया केली.

माझ्या ऑपरेशनआधी समुपदेशक बाईंनी विचारलं, ‘‘राग आला की काय खाता?’’

‘‘चिवडा.’’ त्यांनी ते लिहूनही घेतलं. वहिनींचा प्रश्न याहून अवघड: ‘‘पंगतीत तुझं पान मांडायचं का आता?’’