ट्राउटची अंडी, महसीरची अंडी

डोंगरातल्या थंडगार नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून ट्राउट मासा पकडणारा साहेब आपण चित्रात पाहिलेला असतो. त्याच्या गळाला गांडूळ नसते, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. कीटक समजून ट्राउट तिच्यावर झेप घेतो. आमच्या नागपूरजवळच्या कन्हान नदीत हा खेळ का रुजला नाही?

उत्तर प्राणवायूत आहे. 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर 30 अंशांना जेमतेम 7.5. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. ट्राउट या कात्रीत सापडतो. म्हणून त्याच्यासाठी थंड नद्या शोधाव्या लागल्या. काश्मीरसाठी 1899 साली पाठवलेली अंडी वाटेतच मेली. 1900 साली आलेली दुसरी खेप जगली आणि ट्राउट तेथे स्थिरावला.

दख्खनच्या कोमट नद्यांत गळवाल्यांचा आवडता मासा म्हणजे महसीर. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका महसीराचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ म्हटले. आजही त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असेच आहे.

पुढे धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांमुळे महसीर घटू लागला. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी प्रभृतींनी 1970 च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास साधली. फलित अंडी पाण्याविना, नुसत्या ओल्या कापसात ठेवून विमानाने दूर पाठवता येतात, हेही त्यांनी दाखवले. केवढी सोय झाली!

या सोयीची दुसरी बाजू उशिरा कळली. 1976 पासून लोणावळ्याच्या या जातीचे मासे कावेरीत सोडले गेले. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर निराळाच होता. तेथे गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्यांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. पाहुणा वाढत गेला होता आणि घरचा मासा जवळपास दिसेनासा झाला होता. त्या घरच्या माशाची नेमकी ओळख, टॉर रेमादेवी, 2018 साली पटली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

हेतू वाईट नव्हता आणि तंत्रही उत्तम होते. मात्र ‘महसीर’ या एका नावाखाली किती जाती आहेत, हे आधी पुरते पाहिले गेले नाही. मासे सोडण्यापूर्वी त्या पाण्यात मुळात कोण राहतो, हे विचारायला हवे होते.

हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनाही विचारता येईल. गावच्या नदीवरील ढीवर-भोई मंडळींकडून माशांची नावे, हंगाम आणि वजन विचारून दरवर्षी एका वहीत लिहून ठेवावे. कावेरीची कहाणी उलगडली ती अशाच नोंदींमुळे.